ताक, जिवाणू आणि मेंदू : नक्की काय कळलंय?

श्रीरामपूरकर मंडळी, आपल्याकडे दुधाला तोटा नाही आणि विरजण तर घरोघरी लागतं. मग दह्या-ताकातले जिवाणू मेंदूलाही जपतात का?

🔹 आतडं आणि मेंदू व्हेगस नावाच्या नसेने जोडलेले आहेत. २०११ च्या एका प्रयोगात उंदरांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा एक वाण दिला, तर त्यांची भीती आणि ताण कमी झाला. ही नस कापलेल्या उंदरांत मात्र तो परिणाम दिसलाच नाही.

🔹 २०१६ मध्ये इराणात अल्झायमरच्या ६० रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्यांना १२ आठवडे रोज २०० मिली प्रोबायोटिक (म्हणजे उपकारक जिवंत जिवाणू असलेलं) दूध दिलं. त्यांचे स्मृतिचाचणीतले गुण थोडे सुधारले. पण अभ्यास छोटा होता. स्मृतिभ्रंश टळतो, असा अर्थ त्यातून निघत नाही.

🔹 २०१२ मध्ये भारताने दह्यातल्या लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकीला राष्ट्रीय सूक्ष्मजीवाचा मान दिला. तरी सगळंच दही प्रोबायोटिक नसतं. जिवाणू पुरेशा संख्येने जिवंत हवेत आणि त्या वाणाचा फायदा सिद्ध झालेला हवा. घरचं विरजण घरागणिक वेगळं.

मग करायचं काय?
✅ ताक ताजं प्या. कढी उकळली की जिवाणू मरतात, चव तेवढी उरते.
✅ सोबत ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, भाज्या घ्या. त्यांतला चोथा हे आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य.
⚠️ प्रतिकारशक्ती कमी असेल तर प्रोबायोटिक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. विसरभोळेपणा वाढतोय असं वाटलं तर ताकावर भिस्त ठेवू नका, तपासणी करा.

तुमच्याकडे विरजण कुठून आलंय? कमेंटमध्ये सांगा!