सहीतलं चित्र जातं कुठे?

गेल्या वर्षी आमच्या शिक्षकगटाने तालुक्यातल्या शाळांना विज्ञान जत्रेचं निमंत्रण ईमेलने धाडलं. पत्राच्या शेवटी सही म्हणून एक देखणं चित्र होतं. डावीकडे गटाचं बोधचिन्ह, उजवीकडे नाव, पत्ता आणि फोन नंबर, असं सगळं एकाच चित्रात. आमच्या संगणकावर ते झकास दिसत होतं. आठवडा उलटला तरी एकाही शाळेचा फोन आला नाही. मग एक मुख्याध्यापिका बाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, "अहो सर, फोनवर कळवा असं लिहिलंय, पण नंबर कुठाय? खाली नुसती रिकामी चौकट आहे."

ही रिकामी चौकट तुम्हीही पाहिली असेल. कधी तिच्यात लाल फुली असते, कधी फाटक्या कागदाचं चिन्ह. पाठवणाऱ्याला चित्र दिसतं आणि ज्याच्यासाठी पाठवलं त्याला दिसत नाही, असं का व्हावं? आम्ही शोध घ्यायला बसलो, तेव्हा आधी एक साधा प्रश्न सोडवावा लागला. ईमेलमधून चित्र जातं म्हणजे नेमकं काय जातं?

खरं तर ईमेलला चित्र कळतच नाही. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे पत्र पोचवण्याचे नियम १९८२ साली लिहिले गेले, ते फक्त इंग्रजी मजकुरासाठी. अक्षरं, आकडे, विरामचिन्हं वगैरे मिळून १२८ चिन्हं, आणि तेवढ्यांना ७ बिट पुरतात. चित्राच्या फाइलमधला प्रत्येक बाइट मात्र ८ बिटांचा, म्हणजे ० ते २५५ पैकी कोणतीही संख्या. या वाटेने तो सुखरूप पोचेल याची खात्री नव्हती.

यावर तोड निघाली १९९२ साली. अमेरिकेतल्या नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' नावाची पद्धत मांडली. त्या वर्षी ११ मार्चला बोरेनस्टाइन यांनी या पद्धतीने पत्र पाठवलं, त्यात ते स्वतः ज्या चौघांच्या गायनचमूत गात असत, त्या चमूचा फोटो आणि गाणं होतं. युक्ती अशी, की चित्राचा वेष पालटून त्याला मजकूर करायचं. ३ बाइट घ्यायचे, त्यांचे २४ बिट होतात. ते ६-६ च्या ४ गटांत वाटायचे. ६ बिटांत ० ते ६३ एवढ्याच संख्या मावतात, आणि प्रत्येक संख्येला एक चिन्ह ठरवून दिलेलं आहे: ० ते २५ साठी इंग्रजीतली मोठी अक्षरं, २६ ते ५१ साठी लहान, पुढे दहा अंक आणि शेवटी अधिकचं चिन्ह व तिरकी रेघ.

वर्गात हे फळ्यावर करून पाहा. 'पीएनजी' प्रकारच्या प्रत्येक चित्राच्या फाइलचे पहिले तीन बाइट १३७, ८० आणि ७८ असतात. द्विमान पद्धतीत ते १०००१००१, ०१०१०००० आणि ०१००१११० असे होतात. सलग लिहून सहा-सहाचे गट पाडा: १०००१०, ०१०१०१, ०००००१, ००१११०. म्हणजे ३४, २१, १ आणि १४. यांची अक्षरं लहान आय, मोठा व्ही, मोठा बी आणि मोठा ओ. आता जीमेलमध्ये असं चित्र जोडलेलं एखादं पत्र उघडून 'शो ओरिजिनल' निवडा. अगम्य अक्षरांच्या ओळीच ओळी दिसतील, आणि चित्राच्या भागाची सुरुवात याच चार अक्षरांनी झालेली असेल. मुलांना ही ओळख पटते तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. तीनाचे चार होत असल्यामुळे चित्राचं वजन तिसऱ्या हिश्श्याने वाढतं, हेही मुलं आपणहून सांगतात. ३० किलोबाइटचं चित्र ४० किलोबाइटचं होऊन जातं.

आम्ही आमचं निमंत्रणही असंच उलगडून पाहिलं. त्यात अक्षरांच्या त्या ओळी नव्हत्याच! चित्र पत्रातून गेलंच नव्हतं. त्याच्या जागी फक्त एक पत्ता होता: सी ड्राइव्हवरच्या अमुक फोल्डरमधली तमुक फाइल. म्हणजे पाहुण्यांना पत्र लिहावं आणि त्यात म्हणावं, 'फोटो आमच्या कपाटाच्या खालच्या खणात आहे, बघून घ्या.' आमच्या संगणकाने स्वतःचा खण उघडून चित्र दाखवलं. मुख्याध्यापिका बाईंच्या संगणकानेही खण शोधला, पण तो त्यांच्या घरात कुठून असणार? सही वर्डमध्ये तयार करून तिथून चिकटवली, की कधीकधी हा घोटाळा होतो. पाठवणाऱ्याला तो कधीच दिसत नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

पुष्कळ सह्यांमधली चित्रं अशीच पत्त्यावर चालतात, आणि पत्ता इंटरनेटवरचा असेल तर काही बिघडत नाही. मात्र त्या पत्त्यावर कोणालाही जाता आलं पाहिजे. गूगल ड्राइव्हवर ठेवलेलं चित्र आपल्यापुरतंच खुलं असलं, तर आपल्याला दिसतं आणि बाकीच्यांना दार बंद. अशा वेळी ड्राइव्हमध्ये 'दुवा असलेल्या कोणालाही' पाहण्याची परवानगी द्यावी लागते. शाळेचं संकेतस्थळ नव्याने बांधताना जुनी फाइल हलवली, तर त्या दिवसापासून जुन्या-नव्या सगळ्या पत्रांतलं चित्र गायब होतं.

यावर एक सोपी परीक्षा आहे. सहीतल्या चित्रावर उजवं बटण दाबून चित्राचा पत्ता उतरवून घ्या आणि ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत तो उघडा. या खिडकीला तुम्ही कोण हे ठाऊक नसतं. तिथे चित्र दिसलं तर पत्ता सर्वांना खुला आहे. लॉगिन मागितलं, तर दोष सापडला.

कधीकधी पत्ता अगदी बरोबर असूनही चौकट रिकामी राहते. हे पत्र घेणाऱ्याच्या बाजूला मुद्दाम केलेलं असतं. पत्र उघडताच त्याचा संगणक चित्र आणायला जातो, आणि चित्र ठेवणाऱ्या सर्व्हरला लगेच कळतं की पत्र उघडलं गेलं. जाहिरातवाले याचा फायदा घेतात. एका ठिपक्याएवढं, डोळ्यांना न दिसणारं चित्र घालून कोणी पत्र कधी वाचलं याची नोंद ठेवतात. म्हणून आउटलुकसारखे प्रोग्रॅम परवानगी विचारल्याशिवाय बाहेरचं चित्र आणत नाहीत. जीमेलने डिसेंबर २०१३ पासून दुसरी वाट धरली. चित्र गूगलचे सर्व्हर आणतात आणि आपल्याला दाखवतात. या पहाऱ्यापुढे पाठवणाऱ्याचं काही चालत नाही, आणि आमच्या मते चालूही नये.

मग पत्त्याच्या भानगडीत न पडता चित्र पत्रातच का पाठवू नये? पाठवता येतं. चित्राच्या भागाला एक खूणचिठ्ठी लावतात आणि मजकुरात 'ही चिठ्ठी असलेला भाग इथे ठेव' अशी सूचना असते. पण मग 'पोचलं, आभार' एवढ्या एका ओळीच्या उत्तरालाही ते ४० किलोबाइटचं ओझं. शिवाय काही प्रोग्रॅम त्याला जोडपत्र समजतात आणि प्रत्येक पत्रावर टाचणीचं चिन्ह दिसू लागतं. महत्त्वाचं जोडपत्र कोणतं, हे मग ओळखू येत नाही.

आम्ही अखेर चित्रातून अक्षरं बाहेर काढली. नाव, पत्ता, फोन नंबर साध्या मजकुरात टाइप केले. मराठी मजकूर चित्रात घालण्याची सवय आपल्याला जुन्या फॉन्टांनी लावली. तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की देवनागरीचा चिखल व्हायचा. युनिकोडमुळे आता ती अडचण उरलेली नाही. चित्र म्हणून फक्त बोधचिन्ह ठेवलं, पीएनजी प्रकारात आणि सर्वांना खुल्या पत्त्यावर. चित्र न दिसल्यास त्याच्या जागी दिसावं म्हणून गटाचं नावही पर्यायी मजकूर म्हणून लिहिलं. मग पत्र पुन्हा पाठवलं, आणि या वेळी आधी मुख्याध्यापिका बाईंना. त्यांच्या आउटलुकने बोधचिन्ह अडवलंच. चौकटीत गटाचं नाव होतं आणि खाली नंबर. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला.