बोर्डीचे घर आणि स्वयंपाकाची पाळी

सुरतजवळच्या कडोदरा चार रस्त्यावरून बारडोलीचा रस्ता धरला की व्यारा, सोनगड, नवापूर करत धुळे गाठता येते. महामार्गाने दक्षिणेला वळले तर नवसारी, वलसाड, वापी ओलांडून बोर्डी-घोलवडचा समुद्र. इथल्या खानदेशी कुटुंबांची सुट्टी बहुतेक पहिल्याच रस्त्यावर संपते. दिवाळीत लूम आणि प्रोसेसिंगच्या मिल बंद पडतात, ते दिवस गावचे. आखाजी माहेरची, मे महिना लग्नांचा. होळीला उत्तरेकडचे कारागीर गावी गेले की काम मंदावते, तेव्हा थोडी फट सापडते. पण घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर तीही बंद. म्हणून दोन-तीन भावांचे कुटुंब समुद्रावर घर भाड्याने घेऊन चार दिवस राहायचे म्हणते, तेव्हा बोलणी जागेपासून नव्हे, रजेपासून सुरू होतात. बारा तासांची पाळी, त्यात एक भाऊ दिवसाला आणि दुसरा रात्रीला, आणि बुडालेल्या दिवसाचा पगार नाही. एवढ्या कष्टाने जमवलेले दिवस कोणाच्या वाट्याला येतात, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे, की अख्खे घर घेणे हाच योग्य मार्ग आहे. फक्त त्याची आखणी समुद्र दिसणाऱ्या गच्चीपासून न करता स्वयंपाकघरापासून करावी.

इटलीच्या किनाऱ्यावर, लिगुरियात किंवा अमाल्फीकडे, व्हिला घेण्याची पद्धत जुनी आहे. हंगामात घर बहुधा शनिवार ते शनिवार मिळते. सामान एकदाच उघडायचे, बाजार गावात करायचा आणि तिथेच राहायचे. रोज नवे ठिकाण पाहण्याची धावपळ त्यात नाही. आपल्या मोठ्या कुटुंबांना ही रीत चपखल बसते. दमणच्या हॉटेलात तयार जेवण मिळते, हा आक्षेप खरा आहे. पण तिथे कुटुंब तीन खोल्यांत विभागले जाते, मधुमेही आजोबांच्या पथ्याचे कोणी पाहत नाही आणि शनिवार-रविवारी दारूसाठी येणाऱ्यांच्या गर्दीत लहान मुलांना घेऊन वावरणे अवघड होते.

खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो घरातल्या बायकांचा आहे: तिथे जाऊनही भाकरीच थापायच्या, तर सुट्टी कसली? या प्रश्नाला उत्तर नसेल तर घर घेऊच नये. स्वस्त पडले असे आपण म्हणतो, तेव्हा वाचलेले पैसे कोणाच्या तरी पाठीतून निघालेले असतात. उत्तर आहे, पण ते निघण्याआधी ठरले पाहिजे. घरमालकाला विचारायच्या गोष्टी साध्या आहेत: शेगडीला बर्नर किती, भरलेला दुसरा सिलिंडर आहे का, मिक्सर चालतो का, सर्वांत मोठे पातेले केवढे. कळण्याचे पीठ आणि शेवभाजीचा काळा मसाला घरूनच न्यावा, ते तिकडे मिळेलच असे नाही. रात्रीचे जेवण मालकाकडून किंवा गावातल्या खानावळीतून सांगावे. उरलेल्या चहा-नाश्त्याची आणि दुपारच्या वरण-बट्टीची पाळी लावावी, पुरुषांसकट. पुरुषांना जमत नाही, हे कडोदऱ्यात तरी पटणारे नाही. चालू यंत्र न थांबवता दुसऱ्याच्या हाती सोपवणे हे ज्यांचे रोजचे काम, त्यांना बट्टी उकडून, कापून, तळणे शिकायला एक दुपार पुरते.

या पाळीला समुद्राचेही वेळापत्रक जुळवावे लागते. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी अगदी थोडाच, त्यामुळे तिथल्या घराच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या चालतात. आपल्याकडे मुंबईला मोठ्या उधाणात पाणी साडेचार मीटरांच्या वर चढते आणि खंबायतच्या आखातात शिरावे तसे आणखी वाढते. बोर्डीचा किनारा उथळ, त्यामुळे ओहोटीला पाणी फार दूर जाते. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. उत्तरेकडे ती थोडी पुढे सरकते, म्हणून स्थानिक माणसाला विचारावेच. अष्टमीच्या सुमारास गेलात तर सकाळ-संध्याकाळ पाणी वर असते आणि मोकळी वाळू मिळते ती भर उन्हात, नेमकी स्वयंपाकाच्या वेळी. पौर्णिमेच्या सुमारास उलट: दुपारच्या उधाणात मुलांना पाण्यापासून लांब ठेवायचे आणि संध्याकाळी पाणी मागे सरले की सगळ्यांनी वाळूवर जायचे. रात्रीचे जेवण बाहेरून येणार असेल तरच या ‘सगळ्यां’त घरातल्या बायका येतात. मी म्हणूनच तारीख ठरवताना पंचांग आधी पाहावे म्हणतो.

इतकी आखणी केली तर मोकळेपणा काय राहिला, असेही कोणी म्हणेल. बिनआखणीचा मोकळेपणा मिळतो तो आधीच मोकळ्या असलेल्यांना. ज्यांच्या हातात पीठ असते त्यांना तो आखूनच द्यावा लागतो. या आखणीत घराची खात्री करून घेणेही येते. इटलीत 1 जानेवारी 2025 पासून पर्यटकांना भाड्याने देण्याच्या घराच्या जाहिरातीत सरकारी ओळख क्रमांक दाखवणे सक्तीचे झाले आहे. आपणही ॲडव्हान्सचे पैसे पाठवण्याआधी घराची पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत किंवा स्थानिक पातळीवर कुठे नोंद आहे का, ते विचारावे, आणि मालकाकडून स्वयंपाकघराचा व्हिडिओ मागवून तो घरातल्या सर्वांत जास्त राबणाऱ्या बाईला आधी दाखवावा. तिने होकार दिला, की मग पैसे पाठवावेत.