बोटाखालची बाराखडी

फैजपूरच्या बाजारातून केळीचा भाव व्हॉट्सॲपवर कळवायचा, तर बरेच जण मराठी शब्द सरळ इंग्रजी अक्षरांत लिहून मोकळे होतात. आळस म्हणून नव्हे. तिसाहून अधिक व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी तळहाताएवढ्या पडद्यावर बसवायची कुठे? मग निम्मी अक्षरं दुसऱ्या पानावर दडतात आणि डोळे ती शोधत बसतात.

आयआयटी मुंबईतल्या प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी 2013च्या सुमारास आणलेल्या ‘स्वरचक्र’ कळफलकानं यावर छान तोड काढली. कळा वर्णमालेच्या ओळीनं, म्हणजे शाळेत घोकलेला क्रम कामी येतो. ‘क’वर बोट टेकवलं, की भोवती का, कि, की, कु असं चक्र उमटतं. ‘के’कडे बोट सरकवून उचलायचं. मग ‘ळ’, तिथून ‘ळी’.

हे जलद का होतं? लक्ष्य जितकं जवळ आणि मोठं, तितका हात लवकर पोचतो, हे पॉल फिट्स यांनी 1954 साली दाखवलं. चक्रात प्रत्येक मात्रा बोटापासून सारख्याच अंतरावर. बदलते फक्त दिशा. अंधारात हात दिव्याच्या बटणाकडे आपसूक जातो, तशी ती दिशा अंगवळणी पडते.

मला सर्वांत आवडतं ते जोडाक्षराचं. पाय मोडला, की बाकीच्या कळांवर होऊ घातलेली जोडाक्षरं आधीच दिसतात. अंदाज बांधावा लागत नाही. खोट एकच : जाड अंगठ्याखाली निम्मं चक्र झाकलं जातं.