दोष विहिरीचा नव्हता

पाणी आहे तोवर पंपघराकडे कोणी फिरकत नाही. इंदूरकरांच्या नळाला १९७८ पासून सुमारे ७० किलोमीटरांवरून नर्मदामाईचे पाणी येते, ते पंपांच्याच बळावर. परंतु नळ उघडताना त्यांची आठवण कोणास होते? मलाही ती झाली नव्हती.

२०१७ च्या मार्चअखेरची गोष्ट. परीक्षा तोंडावर आलेल्या. आमच्या शाळेच्या वसतिगृहाचा पंप एका सकाळी सुरू तर झाला, पण टाकीत पडणारी धार करंगळीएवढीच. विहीर आटली, असे मी ठरवून टाकले. शिवाय आदल्या रात्री पंप कोरडा चालवलास, असा ठपका ठेवून पंप सांभाळणाऱ्या शिपायास मुलांदेखत रागावलो. त्याने मान खाली घातली. विहीर खोल करण्यासाठी मजुरांशी बोलणीही झाली.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. सारी उमर कापड गिरणीत गेलेली; सर्वजण त्यांना फिटरकाका म्हणत. ते आले, विहिरीत डोकावले आणि म्हणाले, "मास्तरसाहेब, पाणी तर पुरुषभर उभं आहे. विहिरीला बोल का लावता?"

नंतर त्यांनी जी तपासणी केली, ती वाचकांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे. पंप पाणी ओढतो, हा आपला समज तितकासा खरा नाही. आतील पंखा वेगाने फिरून पाणी बाहेरच्या बाजूस फेकतो; त्यामुळे मध्यभागी दाब घटतो आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतील पाणी नळीतून वर ढकलतो. या ढकलण्यास मर्यादा आहे. समुद्रसपाटीला ती सुमारे १०.३ मीटर, आपल्या माळव्याच्या उंचीवर त्याहून थोडी कमी. प्रत्यक्षात पंप पाण्यापासून ६-७ मीटरांहून उंच बसवू नये, तो याचसाठी.

हवा पाण्याहून सुमारे ८०० पट हलकी. नळीत हवा असेल तर पंखा ती फेकू शकत नाही, म्हणून पंपास आधी पाणी पाजावे लागते. फिटरकाकांनी पंपाच्या माथ्यावरील लहान तोटी उघडली. बुडबुड्यावाचून सलग पाणी आले. अर्थात नळीच्या तळाशी असलेला फूट व्हॉल्व्ह पाणी धरून होता. जाळीत कचरा नव्हता. खालच्या नळीच्या सांध्यांतून हवा शिरत नव्हती. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळत होते. मी ते आवळावयास सांगितले, तेव्हा ते हसले. "हे थेंब असू द्या. त्यांनीच दोरी थंड राहते. आवळाल तर ती जळेल, दांडाही झिजेल." पंप कोरडा चालला असता तर ही दोरी जळालेली दिसली असती, हेही त्यांनी दाखवले. शिपायाची सुटका तेथेच झाली होती.

मग वर जाणारा व्हॉल्व्ह त्यांनी बंद करवला. या जातीचा पंप असाच सुरू करावा, म्हणजे मोटरीवर आरंभी भार कमी पडतो. गती येताच व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. बंद ठेवून फार वेळ चालवू नये, आतले पाणी तापते. खडे घुसळल्यासारखा आवाज आला तर तत्काळ थांबवावे. पंपापर्यंत पाणी पुरेसे पोहोचत नाही, याची ती बहुधा खूण असते.

तसा आवाज नव्हता. काकांनी क्षणभर पंप चालवून बंद केला आणि मंदावत्या कपलिंगकडे बोट दाखवले. पंपावर कोरलेला बाण एका दिशेस, दांड्याचे फिरणे दुसऱ्या दिशेस! आदल्या दिवशी वीजतंत्र्याने स्टार्टरच्या तारा सोडून पुन्हा जोडल्या होत्या. तीन फेजांपैकी दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. आणि गंमत अशी, की पंखा उलटा फिरला तरी थोडेबहुत पाणी वर चढतेच. म्हणूनच माझा संशय विहिरीवर गेला. वीजतंत्र्यास बोलावून मुख्य स्विच बंद केला, दोन तारा बदलल्या. दहा मिनिटांत टाकीत मनगटाएवढी धार पडू लागली.

मजुरांना मी परत पाठवले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी, ज्या मुलांसमोर शिपायास बोललो होतो, त्यांच्याचसमोर त्याची क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, "साहेब, मी सांगणार होतो, पण तुम्ही विचारलंच नाही." तीस वर्षे मुलांना कारणमीमांसा शिकवणाऱ्यास याहून कडक शेरा कोणता मिळावा?

फिटरकाका आता नाहीत. त्यांच्या तपासणीचा क्रम शिपायाने स्वतःच्या अक्षरात मराठी व हिंदीत लिहून पंपघराच्या भिंतीवर लावला आहे. पाणी, जाळी, फूट व्हॉल्व्ह, सांधे, ग्लँड आणि शेवटी बाणाची दिशा. त्याखाली एक ओळ मी माझ्यासाठी जोडली: प्रथम पंप चालवणाऱ्यास विचारावे.