स्थलांतरित व्हिसा मुलाखत

परदेशात कायम वास्तव्यासाठी जाऊ इच्छिणाऱ्या अर्जदाराची त्या देशाच्या दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जी समक्ष तपासणी होते, तिला स्थलांतरित व्हिसा मुलाखत असे म्हणतात. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या कौटुंबिक स्थलांतरित व्हिसाची माहिती दिली असून ती सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, विशेषतः मालवण किनाऱ्यावरील अर्जदारांना डोळ्यांसमोर ठेवून मांडली आहे. बोलण्यात 'एम्बसीची मुलाखत' असा उल्लेख होत असला तरी अमेरिकेचा दूतावास नवी दिल्लीत आहे. भारतातील बहुतेक स्थलांतरित व्हिसांच्या मुलाखती होतात त्या मुंबईच्या वाणिज्य दूतावासात. हे कार्यालय २०११ पर्यंत ब्रीच कँडी येथील लिंकन हाउस या इमारतीत, म्हणजे वांकानेर संस्थानच्या पूर्वीच्या राजवाड्यात होते. त्या वर्षी ते वांद्रे-कुर्ला संकुलात हलविण्यात आले.

पर्यटक व्हिसाहून वेगळेपण

पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यास आपण परत येणार आहोत हे अधिकाऱ्यास पटवून द्यावे लागते. म्हणून घर, जमीन, नोकरी, बँकेतील ठेवी यांचे पुरावे महत्त्वाचे ठरतात. स्थलांतरित व्हिसाच्या अर्जदाराने परत न येण्याचा हेतू उघडपणे सांगितलेलाच असतो. अधिकारी येथे मुख्यतः तीन गोष्टी पाहतो: अर्जदार स्वतः तोच आहे का, ज्या नात्याच्या आधारे व्हिसा मागितला आहे ते नाते खरे आहे का, आणि आरोग्य, गुन्हेगारी, पूर्वीचे खोटे निवेदन किंवा उदरनिर्वाहाची असमर्थता यांपैकी कोणता कायदेशीर अडथळा आहे का. हा भेद ध्यानात न घेता गावातील अनेक मंडळी सात-बाराचे उतारे आणि बँकेची पुस्तके यांची जाड फाईल घेऊन जातात व आईच्या नावाचा पुरावा मात्र घरी विसरतात.

प्रतीक्षेची रांग

मुलाखतीपर्यंतचा प्रवास अमेरिकेतील नातेवाइकाने भरलेल्या आय-१३० या विनंती अर्जापासून सुरू होतो. अमेरिकी नागरिकाचा पती किंवा पत्नी, २१ वर्षांखालील अविवाहित अपत्ये आणि, नागरिक स्वतः २१ वर्षांचा झाल्यानंतर, त्याचे आईवडील यांना वार्षिक संख्येची मर्यादा नसते. इतर नातेवाइकांना ती असते. नागरिकांच्या भावाबहिणींच्या वर्गासाठी, ज्यास एफ-४ म्हणतात, वर्षाला सुमारे ६५,००० व्हिसा ठरलेले आहेत. शिवाय १९६५ च्या कायद्यापासून चालत आलेल्या देशनिहाय मर्यादेनुसार कोणत्याही एका देशास मर्यादित व्हिसांपैकी साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. त्यामुळे भारतातील भावाबहिणींना पंधरा वर्षांहूनही अधिक थांबावे लागते. विनंती अर्ज दाखल झाल्याची तारीख हा त्या कुटुंबाचा रांगेतील क्रमांक असतो आणि अमेरिकेचे परराष्ट्र खाते दरमहा प्रसिद्ध करीत असलेल्या व्हिसा बुलेटिनमध्ये ती रांग कोठवर सरकली हे कळते.

इतक्या दीर्घ काळात घरात पुष्कळ काही घडते. अर्ज भरणारा भाऊ वारला तर अर्ज आपोआप रद्द होतो. मानवतेच्या भूमिकेतून तो पुन्हा जिवंत करण्याची विनंती करता येते, पण ती मान्य होईलच असे नाही. आईवडिलांबरोबर जाणारे मूल २१ वर्षांचे झाले की त्याचा हक्क संपुष्टात येऊ शकतो. २००२ च्या एका कायद्याने येथे थोडा दिलासा दिला आहे. व्हिसा उपलब्ध झाला त्या दिवशीच्या मुलाच्या वयातून, विनंती अर्ज मंजुरीविना जितका काळ पडून होता तितका काळ वजा केला जातो. मूल त्या दिवशी २३ वर्षांचे असेल आणि अर्जाच्या मंजुरीस ४ वर्षे लागली असतील, तर त्याचे वय १९ धरले जाते. मात्र वर्षभराच्या आत व्हिसासाठी पाऊल उचललेले असावे लागते. हे गणित न केल्यामुळे थोरले मूल मागे राहते आणि धाकटे आईवडिलांबरोबर जाते.

विवाहाचाही असाच परिणाम होतो. ग्रीन कार्डधारक पित्याने आपल्या अविवाहित, सज्ञान मुलासाठी अर्ज केलेला असताना मुलाने येथे विवाह केला तर तो अर्ज रद्द ठरतो, कारण ग्रीन कार्डधारकांच्या विवाहित अपत्यांसाठी वर्गच नाही. पिता नागरिक असल्यास अर्ज टिकतो, परंतु अधिक लांब रांगेत जातो. ही गोष्ट विवाह ठरविण्यापूर्वी कळावयास हवी. मुलाखतीच्या खिडकीपाशी कळून उपयोग नसतो.

कागदपत्रे आणि सिंधुदुर्गातील विशेष अडचणी

रांग जवळ आली की न्यू हॅम्पशायर राज्यातील नॅशनल व्हिसा सेंटर हे कार्यालय शुल्क मागते (अर्जदारामागे ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीच्या तपासणीसाठी १२० डॉलर), डीएस-२६० हा अर्ज ऑनलाइन भरून घेते आणि कागदपत्रे तपासते. मुलाखतीची तारीख त्यानंतर मिळते. खरी परीक्षा या टप्प्यावरच होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

जन्मदाखला हा मुख्य कागद. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १ एप्रिल १९७० पासून महाराष्ट्रात लागू झाला. त्यापूर्वीच्या नोंदी गावोगाव गाव नमुना १४ मध्ये, ज्यास कोतवाल बुक असेही म्हणतात, ठेवल्या जात. त्यांची जीर्ण बाडे तहसील कार्यालयात शोधावी लागतात. पुष्कळ नोंदींत बाळाचे नावच नसते, कारण नोंद बारशापूर्वी झालेली असते; केवळ 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढाच शेरा सापडतो. नोंद जन्म झाला त्या ठिकाणी होते, हेही विसरले जाते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने मालवणात वाढलेल्या माणसाची नोंद देवगड, वेंगुर्ले किंवा गोव्यातील पेडणे येथे सापडण्याचा संभव असतो. गोव्यातील १९६१ पूर्वीच्या नोंदी पोर्तुगीज भाषेत असून त्यांचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते.

नोंद मुळीच न सापडल्यास निबंधकाकडून तसा अनुपलब्धतेचा दाखला घ्यावा लागतो. त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांचे, ते हयात नसतील तर अर्जदाराहून वयाने मोठ्या जवळच्या नातेवाइकाचे, प्रतिज्ञापत्र जोडतात. वयाने मोठा असा नातेवाईक दरवर्षी दुर्मीळ होत जातो. म्हणून हे प्रतिज्ञापत्र रांग दूर असतानाच करून ठेवणे शहाणपणाचे.

शाळेच्या दाखल्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. पूर्वी मूल शाळेत घालताना जन्मदाखला कोणी मागत नसे. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होई. वय पुरेसे भरावे एवढ्याच हेतूने गुरुजी अंदाजाने १ जून ही तारीख लिहीत. त्यामुळे त्या पिढीत एकाच वर्गातील कितीतरी मुलांचा वाढदिवस १ जूनला येतो. पुढे पासपोर्ट या दाखल्यावरून निघतो आणि तहसील कार्यालयात सापडलेली नोंद भलतीच तारीख सांगते. शाळा सोडल्यानंतर जनरल रजिस्टरमधील तारीख सहसा बदलता येत नाही. अशा वेळी दोन्ही कागद सादर करून विसंगतीचे कारण प्रतिज्ञापत्रात सरळ सांगणे हाच योग्य मार्ग आहे. गैरसोयीचा कागद दडविणे किंवा 'जुळवून आणलेला' नवा दाखला मिळविणे घातक ठरते, कारण महत्त्वाच्या बाबीसंबंधी जाणूनबुजून केलेल्या खोट्या निवेदनासाठी अमेरिकी कायद्यात कायमच्या अपात्रतेची तरतूद आहे. चुकीच्या तारखेचा खुलासा होऊ शकतो. बनावट दाखल्यापुढे मात्र खऱ्या नात्याचेही काही चालत नाही.

जिल्ह्याच्या नावाचा घोळ तर येथील प्रत्येक प्रौढ माणसाच्या वाट्याला येतो. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या कागदावर 'तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी' असते आणि पासपोर्टवर सिंधुदुर्ग. सावंतवाडी परिसरातील १९४८ पूर्वीच्या कागदांवर तर सावंतवाडी संस्थान असा उल्लेख मिळतो. मालवण हे नाव इंग्रजीत कधी 'व्ही'ने तर कधी 'डब्ल्यू'ने लिहिले जाते. सावंत या आडनावाचेही तेच. अधिकाऱ्यांना अशा गोष्टी नवीन नसतात, तथापि एका ओळीचा लेखी खुलासा सोबत असावा.

स्त्रियांच्या नावांचा प्रश्न याहून अवघड आहे. विवाहानंतर आडनाव आणि मधले नाव बदलतेच, शिवाय पूर्वी सासरी नवे नाव ठेवण्याची प्रथा होती. माहेरची 'सुलोचना' सासरी 'शुभांगी' होते आणि मुलांच्या दाखल्यांवर कधी एक, कधी दुसरे नाव पडते. भावाबहिणींच्या अर्जात दोघांची आई किंवा वडील एकच असल्याचे सिद्ध करावयाचे असते. तेथे या दोन नावांचा दुवा तुटला तर नातेच सिद्ध होत नाही. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, शासकीय राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी किंवा दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र हे दुवे होत. जुन्या विवाहांची नोंद पुष्कळदा झालेलीच नसते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यान्वये ती उशिरानेही करता येते. ग्रामीण भागात हे काम ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते.

याखेरीज १६ वर्षांवरील अर्जदारास पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र लागते व ते भारतात पासपोर्ट कार्यालयाकडून मिळते. आखाती देशात १२ महिने किंवा अधिक राहिलेल्यांना, ते मिळण्याजोगे असल्यास, त्या देशाचेही प्रमाणपत्र आणावे लागते. नोकरीनिमित्त मस्कत किंवा दुबई येथे काही वर्षे काढलेल्यांनी हे काम आधी हाती घ्यावे. अमेरिकेतील नातेवाइकाने आय-८६४ या पत्रकावर आर्थिक हमी द्यावयाची असते. त्याचे उत्पन्न तेथील दारिद्र्यरेषेच्या साधारणतः १२५ टक्के असावे लागते. कमी पडल्यास दुसरा हमीदार चालतो. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर व भाषांतरकाराचे स्वाक्षरीसह प्रमाणन जोडावे.

वैद्यकीय तपासणी

ही तपासणी वाणिज्य दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच, मुलाखतीपूर्वी करावी लागते. मालवण किंवा कुडाळ येथील डॉक्टरांचा दाखला चालत नाही. लसीकरण पाहिले जाते आणि १५ वर्षांवरील सर्वांची छातीची क्ष-किरण तपासणी होते. पूर्वी क्षयरोग होऊन गेलेल्यांच्या फुप्फुसावर व्रण दिसल्यास थुंकीची संवर्धन चाचणी करतात व तिच्या निष्कर्षास सुमारे आठ आठवडे लागतात. घरात कोणास क्षय झाला असेल तर औषधोपचाराचे जुने कागद सोबत न्यावेत आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशीपर्यंत तपासणी लांबवू नये.

मुलाखतीचा दिवस

मालवणास रेल्वे स्थानक नाही. कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली येथून कोकणकन्या अथवा तुतारी एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास करून मुंबई गाठता येते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते व दरड कोसळल्यास गाड्या तासन् तास खोळंबतात. जून ते सप्टेंबरमधील मुलाखतीसाठी किमान दोन दिवस आधी पोहोचणे इष्ट. मोबाइल आणि पिशव्या आत नेता येत नाहीत, म्हणून त्या सांभाळणारे कोणीतरी सोबत असावे.

आत गेल्यावर कागद तपासले जातात, बोटांचे ठसे घेतले जातात आणि नाव पुकारल्यावर अर्जदार काचेच्या खिडकीसमोर उभा राहतो. उजवा हात वर करून सत्य सांगण्याची शपथ घ्यावी लागते. मुलाखत पुष्कळदा काही मिनिटांतच आटोपते. इंग्रजी येणे ही अट नाही. भाषेची अडचण असल्यास अर्धवट इंग्रजीत अंदाजाने उत्तरे देण्यापेक्षा तसे आरंभीच सांगावे.

प्रश्न साधे असतात. भाऊ अमेरिकेस केव्हा गेला, तो काय करतो, त्याला मुले किती, तुमची एकंदर भावंडे किती. विवाहाधारित अर्जात ओळख कशी झाली, लग्नास कोण कोण होते, त्यानंतर भेटी किती झाल्या, असे विचारतात. तेथे छायाचित्रे, प्रवासाची तिकिटे व परस्परांशी झालेला संपर्क यांचा उपयोग होतो. पाठ करून घेतलेली उत्तरे चटकन ओळखू येतात, हे परीक्षा घेणाऱ्या कोणासही ठाऊक असते. भावाच्या पगाराचा आकडा माहीत नसेल तर 'माहीत नाही' हेच बरोबर उत्तर होय. आकडा ठोकून दिला आणि तो हमीपत्राशी जुळला नाही, तर नसलेली शंका निर्माण होते. मात्र एक तयारी अवश्य करावी: वीस वर्षांपूर्वी भावाने भरलेला आय-१३० आणि स्वतःचा डीएस-२६० पुन्हा वाचून काढावा. अर्ज बहुधा एजंटाने किंवा पुतण्याने भरलेला असतो व त्यात काय लिहिले आहे हे अर्जदारासच माहीत नसते.

निकाल आणि त्यानंतर

मंजुरी मिळाल्यास पासपोर्ट व्हिसासाठी ठेवून घेतात. एखादा कागद कमी असल्यास कलम २२१(जी) अन्वये काय हवे ते लिहिलेला कागद हाती दिला जातो. त्यावर कायद्याच्या भाषेत 'नकार' असा शब्द असल्याने घरी रडारड होते; वस्तुतः मागितलेला पुरावा दिल्यावर प्रकरण पुढे चालते, मात्र तो वर्षभरात द्यावा लागतो. नात्याविषयीच संशय असेल तर कार्यालय डीएनए चाचणी सुचवू शकते.

व्हिसाची मुदत सर्वसाधारणपणे कमाल ६ महिन्यांची व वैद्यकीय तपासणीच्या मुदतीशी बांधलेली असते. त्या अवधीत अमेरिकेत प्रवेश केला पाहिजे. प्रवेशाच्या वेळी विवाहास दोन वर्षे पूर्ण झाली नसल्यास पती किंवा पत्नीस दोन वर्षांचा सशर्त निवासी दर्जा मिळतो. वृद्ध आईवडिलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधी बोलून ठेवावी लागते. कायम निवासी दर्जा हा तेथे राहण्यासाठी आहे. तेथून निघण्यापूर्वी पुनःप्रवेश परवान्यासाठी अर्ज न करता सलग वर्षभराहून अधिक काळ बाहेर राहिल्यास तो गमावण्याची वेळ येते. पावसाळा मालवणात आणि उन्हाळा मुलाकडे अशी ये-जा ज्यांना करावयाची आहे, त्यांच्यासाठी पर्यटक व्हिसा अधिक सोयीचा असतो. परंतु स्थलांतराचा अर्ज एकदा दाखल झाल्यावर पर्यटक व्हिसा मिळणे कठीण होते.