आपलं गाणं आणि आपली तब्येत

रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही बीपीचं मशीन घेऊन कोपऱ्यात बसतो. बायका एकेक करून येतात. डोकं जड राहतं, मान आखडते, रात्री दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. कुणाकडे चार घरची धुणीभांडी, कुणी अंबड नाहीतर सातपूरच्या कंपनीत आठ तास उभी, आणि वर घरचं सगळं आहेच. हल्ली आम्ही तपासताना एक प्रश्न जास्तीचा विचारतो, "ताई, पूर्वी गाणं म्हणायचीस का? काही लिहायचीस का?" आधी त्या हसतात. मग हळूच सांगतात, "लग्नाआधी म्हणायचे. भीमजयंतीला स्टेजवर उभी राहायचे." एक मावशी तर म्हणाल्या, "आमचं कशाचं आलंय लिहिणं? ते शिकलेल्यांचं काम."

असं कुणी बोललं की आम्हाला सिन्नर तालुक्यातली देशवंडी आठवते. नाशिकहून फार लांब नाही. तिथे 15 ऑगस्ट 1922 रोजी वामनदादा कर्डकांचा जन्म झाला. लहानपण गुरं राखण्यात गेलं. पुढे मुंबईत येऊन मिळेल ती मजुरी केली. तरुण वयातही त्यांना अक्षर येत नव्हतं. एकदा कुणीतरी पत्र वाचून दाखवायला हातात दिलं आणि ते वाचता आलं नाही, याची दादांना फार लाज वाटली. त्या लाजेपायी ते घरात तोंड लपवून बसले नाहीत. ओळखीच्या एका गुरुजींकडून अक्षरं गिरवली आणि रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं पक्की केली. 1943 मध्ये पहिलं गाणं रचलं, तेही एका सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर केलेलं विडंबन. आपण ज्यांना महाकवी म्हणतो त्यांची सुरुवात ही अशी, उसन्या चालीवर. पहिला संग्रह 'वाटचाल' 1973 साली निघाला, म्हणजे मध्ये तीस वर्षं गेली. तोवर गाणी वस्त्यावस्त्यांत पोहोचलीही होती. मध्यंतरी लहान लेक गेली, पैशाची ओढाताण तर कायमची. पण समोर बसून ऐकणारी आणि मागे कोरस धरणारी माणसं होती. आम्हाला वाटतं, दादांचं औषध तेच होतं.

"मला जमणार नाही" हा विचार कुणालाही येतो. आपल्या माणसांत तो जास्त खोल बसलेला असतो, कारण तो आपल्या आज्या-पणज्यांना पिढ्यानपिढ्या ऐकवला गेला आहे. आम्हीही त्यातून सुटलो नाही. नर्सिंगच्या डिप्लोमाला असताना हॉस्टेलवर आम्ही कविता लिहायचो. पहिल्या नोकरीत 12 मे रोजी, परिचारिका दिनाला, एक कविता वाचली. एक वरिष्ठ बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आधी इंजेक्शन नीट द्यायला शिक, मग कविता कर." सगळे हसले, आम्हीसुद्धा हसलो. घरी येऊन वही ट्रंकेच्या तळाला टाकली ती अकरा वर्षं तिथेच राहिली. इंजेक्शन आम्ही तेव्हाही नीटच देत होतो.

वही परत निघाली ती प्रतिभा वगैरे जागी झाली म्हणून नव्हे. नोकरी सोडून वस्तीत काम सुरू केल्यावर रक्त कमी असलेल्या बायकांना लोहाची गोळी कशी घ्यायची ते सांगायचं होतं. भाषण कुणी ऐकेना, म्हणून गाणं केलं. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी, एवढंच त्यात होतं. कविता म्हणून ते काही थोर नव्हतं. पण बायकांनी चहाबरोबर गोळी घेणं सोडलं, निदान आमच्यासमोर तरी. आणि त्या रात्री आम्हाला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

हा आमच्या एकट्याचा अनुभव नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने 2019 मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यास एकत्र तपासून अहवाल काढला. गाणं, नाच, लिहिणं, हातकाम यांचा मनाला आणि शरीराला फायदा होतो, असं त्यात दिसलं. गाताना श्वास लांब आणि संथ होतो, चार माणसांत बसलं की एकटेपणा कमी होतो. मात्र कुणी गाणं म्हणते म्हणून बीपीची गोळी बंद केली, असं आमच्या कानावर येता कामा नये. गोळी चालूच ठेवायची.

आता वेळेचा प्रश्न. वेळ नाही हे बायकांचं म्हणणं खरं आहे, त्याला आळस म्हणणाऱ्याने एक आठवडा त्यांचं घर चालवून बघावं. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकान सांभाळता सांभाळता लिहायच्या. सामान बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचायच्या. लिहिलेल्या वह्या घरच्यांना दिसू नयेत म्हणून त्यांनी वीस वर्षं लपवून ठेवल्या. 1986 साली त्यातून 'जिणं आमुचं' हे पुस्तक आलं आणि पुढे जगभर वाचलं गेलं. हे सांगितलं की सभेत टाळ्या पडतात. आमचं म्हणणं, टाळ्या नंतर वाजवा. आधी घरातल्या पुरुषांनी विचार करावा की तिला वही लपवावी का लागली. तुमच्या घरात लपवावी लागते का? संध्याकाळी अर्धा तास चूल कोण बघेल, एवढं एक ठरलं तरी पुष्कळ झालं. हा अर्धा तास झोपेतून काढायचा नाही. सहा तासांच्या आत झोपणाऱ्या बाईला आम्ही लिहायला नव्हे, आधी झोपायला सांगतो.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मोबाईलवर आवाज भरावा, नातवंडं उतरवून घेतील. पहिल्यांदा ऐकवायचं ते अशा माणसाला, जो चुका काढणार नाही, "पुढे म्हण" म्हणेल. चुका काढणारे नंतर आपोआप भेटतात, त्यांना शोधावं लागत नाही.

गायन पार्टीतल्या भावांशीही थोडं बोलायचं आहे. घोट घेतल्याशिवाय आवाज लागत नाही, हा समज आम्ही लहानपणापासून ऐकतो आहोत आणि त्यापायी चांगले गळे गेलेलेही पाहिले आहेत. दारूने घसा कोरडा पडतो, भीड तेवढी मोडते. गाण्याआधी आणि मधून मधून साधं पाणी प्या. तंबाखू सोडा, आणि मावश्यांनो, मिश्रीही तंबाखूच आहे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त दिवस बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, काढ्यावर दिवस काढू नका.

आणि एक फरक ओळखायला शिका. स्टेजवर जाताना पाय कापणं, लिहिलेलं फाडून टाकावंसं वाटणं, हे सगळ्यांचं होतं. पण दोन आठवडे रोज मन उदास, कशातच गोडी नाही, भूक किंवा झोप गेलेली, आपण कुणावर तरी ओझं आहोत असं वाटतं, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. सरकारी दवाखान्यात मानसिक आरोग्याबद्दल विचारा, किंवा 14416 या टेलीमानसच्या नंबरवर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत. जीव द्यावासा वाटतो असं कुणी बोललं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

आमच्या विहारात आता बीपी तपासून झालं की पंधरा मिनिटं कुणीही उठून आपलं काही म्हणावं असं ठरवलं आहे. पहिले दोन रविवार कुणीच उठलं नाही, पोरंच कविता म्हणून मोकळी झाली. तिसऱ्या रविवारी त्याच मावशी उठल्या, ज्यांनी लिहिणं हे शिकलेल्यांचं काम म्हटलं होतं. बांधकामावर पाट्या वाहतानाचं स्वतः रचलेलं गाणं होतं. दुसऱ्या कडव्याला अडखळल्या आणि खाली बसू लागल्या. मागून कुणीतरी धृपद धरलं, मग सगळ्यांनीच धरलं. मावशींनी पदर सावरला आणि तिसरं कडवं उचललं.