लेकरू धरायला कोण?

आमच्या वाशीमकडे घरात बाळ जन्मले की भेटायला येणारे तीन प्रश्न हमखास विचारतात. मुलगा की मुलगी, वजन किती, आणि दिसायला कोणावर गेले. चौथा प्रश्न सव्वा महिन्यानंतर येतो. तो बाहेरचे विचारत नाहीत. घरचेच एकमेकांच्या तोंडाकडे बघत मनातल्या मनात चाचपतात. लेकरू धरायला कोण?

'लेकरू धरणे' हा आमचा शब्द. संगोपन वगैरे पुस्तकातले झाले. धरणे म्हणजे आई कामाला गेली असताना कुणाची तरी मांडी, कुणाची तरी कड, नाहीतर झोळीच्या दोरीवर कुणाचा तरी हात असणे. हल्ली बाळाच्या बाबतीत पुष्कळ सल्ले मिळतात. साबण कोणता, तेल कोणते, डायपर कोणता, वॉकर आणावा की नाही. (आणू नये. त्याने मूल लवकर चालत नाही, पडते मात्र लवकर.) पण ज्या घरात धरणारे हात नाहीत तिथे यातले काही कामाला येत नाही, आणि जिथे हात आहेत तिथे यातल्या बहुतेक वस्तूंवाचून अडत नाही.

मी बँकेत होते. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झाला, त्याच्या आधीपासून या भागातल्या शाखांत मी पीककर्जाच्या टेबलावर बसले आहे. बियाणे, खत, फवारणी, मजुरी असे खर्चाचे रकाने असत. मजुरीचा आकडा कमी दिसला की मी विचारी. उत्तर ठरलेले असे, "तीन बाया घरच्याच आहेत ना मॅडम, मजुरी कायची लागते?" त्या तिघींतली एक बाळंतीण झाली की पुढच्या अर्जात मजुरी वाढलेली दिसे. तिच्या कामाची किंमत पहिल्यांदा कागदावर यायची ती अशी, ती घरी बसल्यावर. दिल्लीतला कृषिमूल्य आयोग हमीभाव सुचवताना घरच्या माणसांच्या श्रमाचे पैसे हिशेबात धरतो. घरातल्या हिशेबात ते कुणी धरीत नाही.

सोयाबीन-तुरीच्या या मुलखात बाळंतपणाला मोकळा महिना नाही. जूनमध्ये पेरणी, जुलै-ऑगस्टमध्ये निंदण, सप्टेंबर संपता संपता सोंगणी, मग हरभरा, मग तूर. माहेरी सव्वा महिना झाला की बाळंतीण सासरी येते, आणि पाऊस लागलेला असेल तर फार दिवस घरात बसत नाही.

इथे एक योगायोग मला नेहमी खुपतो. बाळंतिणीच्या घरी आशाताई येतात त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत उभी केली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले आणि पुढे ती देशभर गेली. त्यानंतरची ठरलेली भेट एकदम तिसऱ्या महिन्यात. म्हणजे बेचाळिसाव्या दिवशी आशाताई निरोप घेतात, साधारण त्याच सुमारास आई वावरात जाते, आणि दूध तुटते ते नेमके या मधल्या दीड महिन्यात.

दूध 'येत नाही' असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा ते येत असते, पण काढून घेणारे जवळ नसते. बाळाने जितके ओढावे तितके दूध तयार होते. दिवसा-रात्री मिळून आठ-दहा-बारा वेळा पाजणारी आई सकाळी नऊला गेली आणि संध्याकाळी आली तर मधले तीन-चार वेळचे पाजणे बुडाले. आठ दिवसांत दूध कमी होते. मग घरचे म्हणतात, "लेकराचं पोट भरत नाही." बाळ रडते यावरून पोट ठरवू नये. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवीने कपडा ओला होत असेल आणि अंगणवाडीच्या काट्यावर वजन चढत असेल, तर दूध पुरते आहे. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला वीस-तीस ग्रॅम वाढ चांगली समजावी. सहा महिने फक्त आईचे दूध, भर उन्हाळ्यातही वेगळे पाणी नको, हे डॉक्टर सांगतात ते खरेच आहे. पण आई धुऱ्यावर आणि बाळ घरी, तर ते पाळायचे कसे, याचे उत्तरही कुणीतरी द्यायला हवे.

मला माहीत असलेली उत्तरे साधी आहेत. वावर जवळ असेल तर बाळ आणि त्याला धरणारी आजी दोघींनी धुऱ्यावर जावे, सावलीला झोळी बांधावी. आमच्याकडे पूर्वापार हेच चालत आले. वावर लांब असेल तर निघण्यापूर्वी स्वच्छ हाताने दूध काढून झाकलेल्या वाटीत ठेवावे आणि वाटी-चमच्याने पाजावे. ते थंड जागी चारेक तास टिकते. आपल्याकडच्या मे महिन्यात तेवढाही भरवसा धरू नये. फ्रीज असेल तर चोवीस तास हरकत नाही. बाटली मात्र घरात आणूच नये, कारण ती धुतल्यासारखी वाटते, धुतली जात नाही.

आणि डबा? डब्याचा हिशेब मी गेल्या पावसाळ्यात शेजारच्या सुनेबरोबर वहीत मांडला. तीन महिन्यांचे बाळ निव्वळ पावडरवर असेल तर ४०० ग्रॅमचा डबा तीन-चार दिवसांत संपतो. महिन्याला आठ-नऊ डबे, म्हणजे कमीत कमी तीन-साडेतीन हजार रुपये. निंदणाची रोजी आमच्याकडे अडीचशे-तीनशे, आणि पावसाची उघडीप पाहता महिन्यात काम पंधरा दिवस. म्हणजे चार हजार मिळतात, आणि रुपयातले चौदा आणे डब्यात जातात. हे घरोघर कळते. मग काय होते? कामावर जाणे थांबत नाही, डबा लांबवला जातो. एका मापाच्या जागी अर्धे माप, पाणी तेवढेच. बाळाचे पोट भरलेले दिसते आणि वजन जागच्या जागी राहते. त्यात पावसाळ्यातले पाणी आणि मागोमाग जुलाब. १९९२ च्या कायद्याने या डब्यांची जाहिरात बंद झाली, डब्यावर गुबगुबीत बाळाचे चित्र छापायलाही बंदी आली. पण डबा तीन दिवसांत संपवायचा असतो, तीन आठवड्यांत नाही, हे दुकानात कोण सांगणार? आईच्या आजारपणामुळे किंवा खरोखर गरज असल्यामुळे डॉक्टरांनी डबा सांगितला, तर माप आणि उकळलेले पाणी यांत तडजोड करू नये.

शिकलेल्या सुना मला विचारतात, "सासूबाई घुटी उगाळतात, मध चाटवतात, काजळ घालतात, काय करू?" वर्षाच्या आत मध खरोखरच देऊ नये. त्यातून क्वचित का होईना, फार घातक विषबाधा होते. काजळात शिसे असू शकते, नाका-कानात तेल घालू नये, आणि धुरी बाळाच्या छातीला बरी नव्हे. पण आजीशी भांडून यातले काही सुटत नाही, आणि धरणारे हात तेच आहेत हे विसरू नये. मालीश, आंघोळ, कोवळे ऊन, झोळी आणि सहा महिन्यांनंतरचा घास, एवढे सगळे आजीचेच राज्य आहे. तिथे तिचे मोठेपण राखले तर मधाचे बोट ती स्वतःच मागे घेते, असा माझा अनुभव आहे. घास मात्र घट्ट हवा. वरणाचे पाणी नको, कुस्करलेला वरणभात हवा, चमचा वाकडा केला तर पटकन ओघळणार नाही असा. वर तूप किंवा तेल. खाणाऱ्यांच्या घरी अंडेही.

पुण्याला नोकरीला गेलेल्या आमच्या पोरांची गोष्ट वेगळी असली तरी प्रश्न हाच. २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा झाली. माझ्या वेळी, १९८६ साली, बारा आठवडे होती, आणि मधल्या सुट्टीत मी पाजायला घरी पळत असे. सव्वीस आठवडे संपले की वाशीमहून एकेक आजी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला रवाना होते. तीन महिने आईची आई, तीन महिने सासू, अशी ड्यूटी लावलेली असते. इकडे आजोबा साठी-सत्तरीत पोळ्या लाटायला शिकतात. वाईट काही नाही. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या लेकराला उचलायचे नाही, अशा रिवाजात वाढलेले हे पुरुष आता नातवंडाला खांद्यावर टाकून फिरतात, तेव्हा आपल्याच मुलांच्या वेळी हे का जमले नाही, असे त्यांच्या बायकांच्या मनात येतच असणार. जन्मदाखल्यावर आणि सरकारी कागदांवर १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावानंतर आधी आईचे नाव येते, मग बापाचे. (बँकेच्या सवयीने सांगते, जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करून घ्यावी.) कागदावर आई पुढे आली हे छान झाले. धरण्यात बाप पुढे आला तर बरे.

सगळ्यात अवघड काळ आहे तो सहा महिने ते तीन वर्षांचा. अंगणवाडीत तीन वर्षांचे मूल बसते. त्याच्या आतल्यांसाठी आहाराचे पाकीट घरी जाते, पाकिटाबरोबर माणूस जात नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिले होते की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले आली तर एका बाईला त्यांना सांभाळायच्या कामावर नेमावे, मजुरी इतरांइतकीच. कल्पना उत्तम. पण दुसऱ्याच्या वावरातल्या निंदणाला हा नियम कधीच नव्हता. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडणारी केंद्राची 'पाळणा' योजना आहे. ती गावोगाव पोचायची आहे.

तोवर ही जागा कोण भरते, हे गावच्या शाळेचे ऑगस्टमधले हजेरीपत्रक उघडले की दिसते. चौथी-पाचवीतल्या पोरी गैरहजर असतात. कडेवर भाऊ असतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. थोरली बहीण शाळेत यायची तर धाकट्याची सोय लावलीच पाहिजे, हे त्यांना तेव्हाच दिसले होते. घरात लेकरू धरायला दहा वर्षांची मुलगी असेल, तर त्या घरात एक नव्हे, दोन लेकरांचा प्रश्न आहे.

यंदा पेरणीच्या आधी रिसोड तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांसमोर मी माझा हिशेब ठेवला. पाच आयांनी रोज पन्नास-पन्नास रुपये काढले तर अडीचशे होतात. म्हणजे एका बाईची निंदणाची रोजी. तिने वावरात न जाता पाच लेकरे धरायची. पोरी शाळेत जातील. अंगावर पिणारे असेल तर आईने दुपारी येऊन पाजावे.

आकडा सगळ्यांना पटला. मग शंका निघू लागल्या. "आजारी पडलं तं कोणाच्या माथी?" एकीने विचारले. जुलाब लागले तर मीठ-साखरेच्या पाकिटाचे पाणी आणि आशाताईला निरोप, एवढे तिथल्या तिथे ठरले. मग कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "ते सारं ठीक आहे. पण ठेवसान कोणाच्या घरी?"

कुणी बोलेना. प्रश्न घराच्या जागेचा नव्हता हे तिथल्या प्रत्येकीला कळत होते. कोणाचे लेकरू कोणाच्या हातचे पाणी पिणार, हा तो प्रश्न होता. मीही गप्प बसले. बाहेरून आलेल्या बाईने इथे बोलू नये असे वाटले.

बऱ्याच वेळाने गटाच्या अध्यक्षबाईंनी शाळेच्या मागच्या रिकाम्या खोलीचे नाव काढले. किल्ली मुख्याध्यापकांकडे, खोली ग्रामपंचायतीची, म्हणजे ती कुणाच्याच घरची नाही. पत्रे गळतात असे एक म्हणाली, तर माझा नवरा ताडपत्री टाकून देईल असे दुसरी. झोळ्या बांधायला वर आडवी दांडी आहे का, यावर दोघींचे एकमत होईना. तेव्हा कडेवर सात महिन्यांचे पोर असलेली एक तरुण सून उठली, पोर म्हातारीच्या मांडीवर ठेवले आणि दांडी बघायला शाळेकडे गेली.